विरंगुळा म्हणजे शिकवणी नव्हे

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध माणसाचा दिवस कसा जावा, या प्रश्नाला मराठी घरांत तीन उत्तरे तयार असतात. मेंदूला व्यायाम द्यावा, म्हणजे शब्दकोडी, सुडोकू, पाढे आणि नातवंडांच्या नावांची उजळणी, हे पहिले. आयुष्यभर पुष्कळ खस्ता खाल्ल्या, आता स्वस्थ बसू द्यावे, हे दुसरे. तिसरे सहसा कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही: काहीही करवून घेतले तरी संध्याकाळपर्यंत विसरणारच, मग एवढा खटाटोप कशाला? पहिले उत्तर काळजीपोटी येते, दुसरे मायेपोटी आणि तिसरे थकव्यापोटी. तिन्ही चुकीची आहेत, आणि पहिले सर्वांत जास्त, कारण त्याच्या पाठीशी शास्त्र आहे असा समज आहे.

हे शास्त्र कोणते ते तपासून घेणे बरे. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांपैकी पुढील काही वर्षांत स्मृतिभ्रंश झालेल्यांचे प्रमाण कमी आढळले. ‘कोडी सोडवा, अल्झायमर टाळा’ हा पुरवण्यांमधला सल्ला अशाच अभ्यासांतून झिरपत आलेला आहे. मात्र अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यातल्या कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. शिवाय अशा निरीक्षणातून कारण आणि परिणाम ठरवता येत नाहीत. निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधी हा आजार मेंदूत शिरलेला असतो. एखाद्याचे बुद्धिबळ सुटले म्हणून तो आजारी पडला, की आजार आत शिरला म्हणून बुद्धिबळ सुटले, हे सांगणे अवघड असते. आजार होऊ नये म्हणून साठीत काय करावे हा एक प्रश्न आणि आजार झालेल्या ऐंशीच्या माणसाची दुपार कशी जावी हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले गेले आहे.

या गोंधळावर बाजारही उभा राहिला. ‘ल्युमॉसिटी’ या नावाने मेंदूचे खेळ विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्या खेळांमुळे वयाबरोबर येणारी विस्मृती आणि स्मृतिभ्रंश लांबवता येतात, असे जाहिरातींतून सुचवले होते. त्याला पुरेसा पुरावा नसल्याचा ठपका ठेवून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली कंपनीला २० लाख डॉलर भरायला लावले. तरी मोबाइलवर असे खेळ उतरवून वडिलांच्या हाती देणारी मुले कमी झालेली नाहीत. वडील पडद्याकडे बघतात, बोट चुकीच्या ठिकाणी पडते, लाल फुली येते. तीनचार लाल फुल्यांनंतर ते मोबाइल बाजूला ठेवतात आणि मुलगा म्हणतो, “बाबा प्रयत्नच करत नाहीत.”

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दखल घेण्याजोगा आहे: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या विचारशक्तीला चालना देणारी शास्त्रमान्य पद्धत आहेच की. आहे. ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल, बॉब वुड्स आदींनी ती विकसित केली. २०१ जणांवरचा तिचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, लहान गटात पाऊण तासाची बैठक असे तिचे स्वरूप होते. सौम्य ते मध्यम अवस्थेतील रुग्णांच्या विचारशक्तीत आणि जीवनमानात तिने थोडी, पण मोजता येण्याजोगी सुधारणा झाली. ब्रिटनची आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था ‘नाइस’ ही पद्धत सुचवते. मात्र तिच्या बैठकीत काय चालते ते पाहिले की उजळणीवाल्यांची अडचण होते. तिथला महत्त्वाचा नियम असा, की माहिती विचारायची नाही, मत विचारायचे. दोन जुन्या नट्यांची छायाचित्रे समोर ठेवून “ही कोण, ओळखा” असे म्हणायचे नाही, “दोघींपैकी जास्त देखणी कोण?” असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते आणि ते हरवलेले असते. दुसऱ्याला उत्तर चुकूच शकत नाही. शिवाय बोलायला विषय मिळतो, कोणीतरी हमखास वाद घालतो, हसू फुटते. ज्या पद्धतीच्या नावाने घरोघर उजळणी चालते, ती पद्धत स्वतः उजळणीच्या विरोधात आहे.

घरातल्या उजळणीचे मूळ दवाखान्यात आहे. १९७५ साली मार्शल फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली मानसिक स्थितीची छोटी चाचणी जगभर वापरली जाते: आज तारीख कोणती, आपण कुठे आहोत, शंभरातून सात वजा करत जा, मघाशी सांगितलेले तीन शब्द पुन्हा सांगा. नातेवाइकांनी ती डॉक्टरांसमोर बसून पाहिलेली असते आणि घरी आल्यावर तीच रोज सुरू होते. “आजी, सांग बरं मी कोण?” पाहुणा आला की पुन्हा: “ओळखलंस का यांना?” चाचणी हे माप आहे, आणि मापट्याने पुन्हा पुन्हा मोजल्याने कणगीतले धान्य वाढत नाही. आजीला मात्र दिवसातून पाचसहा वेळा सर्वांदेखत नापास व्हावे लागते. “आजी, मी सुनंदाची मुलगी, पुण्याहून आले,” असे आल्या आल्या सांगितले तर काहीही बिघडत नाही. पुढच्या दहा मिनिटांच्या गप्पा होतात.

नापास होण्याचा प्रसंग आजी विसरते, मग त्याचा त्रास कसला, असा युक्तिवाद येथे हमखास येतो. तिसऱ्या उत्तराचा पायाही हाच. तो पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगाने खिळखिळा केला. अल्झायमर झालेल्या १७ जणांना आणि तितक्याच निरोगी वृद्धांना दुःखद आणि आनंदी चित्रफितींचे तुकडे दाखवण्यात आले. थोड्याच वेळात रुग्णांना चित्रफितीतले फारसे काही सांगता येईना, काहींना तर काहीच नाही. पण दुःख आणि आनंद मागे उरले होते आणि अर्ध्या तासापर्यंत मोजता आले. त्यातही ज्यांना चित्रफीत सर्वांत कमी आठवत होती, त्यांचे दुःख जास्त वेळ टिकले. कारण न कळता उरलेली खंत निवारताही येत नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले चढवू नयेत. पण रुग्णाजवळ राहणाऱ्या कोणालाही यातले काही नवे वाटणार नाही. सकाळी रागावून बोललेले सासूबाईंना दुपारी आठवत नाही, तरी त्या दुपारी जेवत नाहीत. हेच उलट्या बाजूनेही खरे आहे. तासाभरापूर्वी ऐकलेल्या गाण्याचे नाव सांगता आले नाही तरी स्वर निवळलेला असतो, येरझाऱ्या थांबलेल्या असतात. निरोगी माणसे तरी सहलीला जातात ती वर्षानंतर त्यावर परीक्षा देता यावी म्हणून नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्याच आनंदावर एवढी अट का?

आता दुसरे उत्तर. “आई, तुम्ही बसा, आम्ही करतो.” हे वाक्य इतके प्रेमळ आहे की त्याचा प्रतिवाद करणे उद्धटपणाचे वाटते. चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईच्या हातून आधी सुरी जाते, मग काडेपेटी, मग लाटणे, मग भाजीची परडी. सुरी आणि काडेपेटी जाणे योग्यच. परडी का जावी? तिला ‘आराम’ मिळतो तेव्हा घरात तिचे असे काही उरत नाही, आणि मग ती कपाट उचकते, दर पाच मिनिटांनी “मला घरी जायचंय” म्हणते, सुनेच्या मागे मागे फिरते. याला आजाराची लक्षणे म्हणून नोंदवले जाते. त्यातली काही आजाराची असतात, काही निव्वळ रिकामपणाची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाचे माणूसपण हळूहळू काढून घेणाऱ्या वागणुकीचे प्रकार मांडले. जे जमते तेही करू न देणे हा त्यांपैकी एक. हे सहसा कोणी दुष्टपणे करत नाही, हे त्यांनीच स्पष्ट केले होते.

वाती वळण्याचे काम या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहे. कापसातली सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, लांबट पेळू करायचा, चिमटीला भस्म किंवा दुधाचे बोट लावून तो तळहातावर वळायचा. फुलवात असेल तर लहान चकती करून तिचा मध्य चिमटीत वर ओढायचा आणि टोकाला पीळ द्यायचा. यात पुढे काय करायचे हे आठवावे लागत नाही. हातातल्या कापसाची अवस्थाच पुढची पायरी दाखवते. सवयीची हातकामे मेंदूच्या ज्या भागांवर अवलंबून असतात ते भाग प्रसंगांच्या आठवणी साठवणाऱ्या भागांहून वेगळे आहेत, हे १९६२ पर्यंत पुरेसे स्पष्ट झाले होते. कॅनडातील ब्रेंडा मिल्नर यांनी तपासलेला एक तरुण शस्त्रक्रियेनंतर नवे काहीच लक्षात ठेवू शकत नव्हता. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम आपण पूर्वी केले आहे हे त्याला रोज नव्याने सांगावे लागे. हात मात्र रोज सुधारत गेला. अल्झायमर सुरुवातीला आठवणींच्या भागावर घाला घालतो, सरावलेल्या हातांपर्यंत पुष्कळ उशिरा पोचतो.

आजार वाढला की वातीचे काम बंद करावे लागत नाही, त्याचा वाटा लहान करावा लागतो. आधी पूर्ण वात, मग दुसऱ्याने वळायला घेतलेल्या वातीला शेवटचा पीळ, मग नुसती सरकी काढणे, पुढे मांडीवर घेतलेला कापूस बोटांनी पिंजत बसणे. दोन पथ्ये आहेत. सरकी तोंडात जात असेल तर ती बाजूला करावी. आणि वात वाकडी झाली तरी समईत जळते. त्या बाईदेखत ती उलगडून पुन्हा वळू नये. मटार सोलणे, मेथी निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, हाराची फुले देठ खुडून ताटलीत लावणे, यांनाही हेच लागू पडते. घडी चुकली तर रात्री, आजी झोपल्यावर, खुशाल बदलावी.

पुरुषांच्या बाबतीत मराठी घरे अधिक चाचपडतात, कारण त्यांचे काम घराबाहेर होते आणि ते निवृत्तीच्या दिवशी बाहेरच राहिले. सुताराच्या हाती पॉलिशकागद आणि लाकडाचा तुकडा देता येतो. शेतकरी तूर आणि मूग एकत्र मिसळलेले सूप पुढ्यात आले की हाताने वेगळे करू लागतो. कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावत बसतो. तारखा चुकल्या तरी शिस्त चुकत नाही. ही कामे खोटी आहेत, बनाव आहे, अशी टीका होते. घरात त्या पावत्यांचा उपयोग नसेल तर ती टीका काही अंशी खरी आहे, म्हणूनच शक्य तिथे खरे काम द्यावे: तुळशीला पाणी, पेपरांची रद्दी बांधणे, टपालातले कागद फाईलला लावणे. काम झाल्यावर “बरं झालं, माझा वेळ वाचला” हे वाक्य त्या वेळी खरे असले पाहिजे.

‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ ही म्हण या विषयात जितके नुकसान करते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. तिच्या आधाराने सत्तरी ओलांडलेल्या मुख्याध्यापकासमोर ससा रंगवायचे पुस्तक येते आणि त्यांना “शाब्बास, छान हं!” म्हटले जाते. मूल शिकत असते. हा माणूस शिकलेले जपत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी माँटेसोरी पद्धतीतून उपक्रम तयार केले, त्याचा दाखला कधीकधी बालपणाच्या समर्थनार्थ दिला जातो. तो फसवा आहे. कॅम्प यांनी तिथून खेळणी उचलली नाहीत. काम लहान पायऱ्यांत तोडणे, साहित्य असे मांडणे की ते स्वतःच वाट दाखवेल, आणि शक्य तितके खऱ्या वस्तूंनी खरे काम करणे, एवढेच त्यांनी घेतले. मुख्याध्यापकांना हजेरीपट आणि लाल शाईचे पेन द्यावे.

संगीताविषयी मतभेद कमी आहेत, म्हणून तिथे चुका जास्त होतात. लहानपणापासून ऐकलेल्या सुरांची ओळख मेंदूच्या ज्या भागांत साठते ते अल्झायमरमध्ये तुलनेने टिकून राहतात, असे जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात दाखवले. आणि माणसाला साधारण दहा ते तीस या वयातले सर्वाधिक आठवते. आज ऐंशीच्या घरात असलेली व्यक्ती १९५५ साली दहा वर्षांची होती. पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पहिल्यांदा ऐकू आले ते याच वर्षी. हा योग साधला जातोही. पण पुस्तिकांमधल्या याद्या इथेच थांबतात: रामरक्षा, हरिपाठ, नाट्यगीते, भावगीते. या याद्या एका विशिष्ट प्रकारच्या घरात तयार झालेल्या असतात. गिरणगावात वाढलेल्या कामगाराच्या कानात शाहिरी आणि चाळीतले भजन असते. बौद्ध घरातल्या आजोबांना बुद्धवंदना आणि भीमगीते ओठांवर असतात. त्यांना रामरक्षा लावून देणे हा निव्वळ आळस आहे. मावळातल्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, गोव्यातल्या ख्रिस्ती आजीला मांडो. जन्मभर देव न मानलेल्या माणसाला, तो आता विरोध करू शकत नाही एवढ्यावरून, सकाळ-संध्याकाळ आरत्या ऐकवू नयेत. कोणते गाणे लावावे हे पुस्तिका सांगू शकत नाही. मोठी बहीण, जुना शेजारी, लग्नातल्या वरातीची आठवण सांगणारा दीर सांगू शकतो. आणि ते वीसपंचवीस मिनिटे लावावे. दिवसभर चालू ठेवलेले गाणे, दिवसभर चालू ठेवलेल्या दूरचित्रवाणीसारखेच, गोंगाट होते. मालिकांतली भांडणे काही रुग्णांना घरातच चालली आहेत असे वाटते, हे कोपऱ्यातल्या दूरचित्रवाणीसमोर त्यांना बसवून कामाला लागणाऱ्यांनी विसरू नये.

“विचारलं तर ते नकोच म्हणतात,” ही काळजीवाहकांची तक्रार खरी असते, तिचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. उदासीनता हे अल्झायमरचे अतिशय सामान्य लक्षण आहे. ती आळस नव्हे, हट्टही नव्हे. कृतीला सुरुवात करण्याची मेंदूची यंत्रणा मंदावलेली असते. “काही करायचंय का?” या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी पर्याय आठवावे लागतात, निवडावे लागतात, पायऱ्या ठरवाव्या लागतात. “नको” हे त्यातले सर्वांत सोपे उत्तर. न विचारता शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि एक मूठ त्यांच्या ताटलीत टाकली, तर हात बहुधा सुरू होतात. न झाले तर ताटली उचलावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावी. मात्र कालपर्यंत रमणारा माणूस आज अचानक सगळ्याला नकार देऊ लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. वेदना, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नैराश्य यांची तक्रार हा माणूस शब्दांत करत नाही. चष्मा बदलला आहे का, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, हेही पाहावे. पुष्कळ उपक्रम तिथेच फसलेले असतात.

उरतो वेळेचा आक्षेप. भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुसंख्य घरीच असतात आणि त्यांची काळजी बहुतेक वेळा एकच बाई घेत असते. ‘पन्नास आनंददायी उपक्रम’ अशी यादी तिच्या हाती ठेवणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक घागर चढवणे. हा आक्षेप मान्य करूनच उपक्रम आखले पाहिजेत. अमेरिकेत लॉरा गिटलिन यांनी रुग्णाच्या उरलेल्या क्षमतेप्रमाणे उपक्रम बेतून घरच्यांना ते शिकवण्याची पद्धत तपासली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ६० कुटुंबांवरच्या त्यांच्या अभ्यासात मागे मागे फिरणे आणि तेच ते प्रश्न विचारणे कमी झाले, आणि काळजीवाहकांचा लक्ष ठेवण्यात जाणारा वेळही घटला. मोजके दोनतीन उपक्रम, पंधरावीस मिनिटांचे, तेही घरातल्या चालू कामाला जोडलेले, एवढे पुरते. संध्याकाळी पाचच्या सुमारास अनेक रुग्णांची घालमेल वाढते. त्या वेळेआधी एक फेरफटका आणि नंतर हाताला ओळखीचे काम, हे औषधाची गोळी वाढवण्यापूर्वी करून पाहण्यासारखे आहे. सून भाजी निवडणारच असते. तिने ती ओट्यावर उभे राहून न निवडता सासूबाईंशेजारी बसून निवडावी. आणि हे काम एकट्या सुनेचे का, हा प्रश्न त्या घरातल्या मुलाने स्वतःला विचारावा.

यांपैकी कशानेही आजार थांबत नाही. तसा दावा करणारे, मग ते कोडी विकणारे असोत की रागदारीच्या ध्वनिफिती विकणारे, एकाच पंक्तीत बसवावेत. शेवटच्या अवस्थेत हातही काम विसरतात. तेव्हा उरतात वास, स्पर्श आणि आवाज: डोक्याला कोमट खोबरेल तेलाची मालिश, उशीजवळ ठेवलेला मोगरा किंवा बकुळ, ओळखीच्या सुती लुगड्याची घडी हातात, कानाशी हळू आवाजातले बोलणे. या अवस्थेत गिळणे बिघडलेले असते. म्हणून आवडीचे म्हणून खडीसाखर, शेंगदाणा किंवा सुपारीचा तुकडा तोंडात ठेवू नये. ठसका लागून तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. चव द्यायचीच असेल तर किती पातळ, किती घट्ट आणि कोणत्या बैठकीत द्यायचे, हे वाचा आणि गिळण्याच्या उपचारतज्ज्ञाकडून समजून घ्यावे.